पाकुडच्या खुनाची गोष्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाकुडच्या जमीनदार घराण्यातल्या खुनावर मी मराठीत पुस्तक लिहिलं, तेव्हापासून फोंड्याच्या वाचनालयापासून म्हापशाच्या लग्नाच्या पंगतीपर्यंत तेच ते प्रश्न मागे लागलेत. उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. पुस्तक वाचलेलं नसलं तरी हरकत नाही. रहस्य फुटेल ही भीती नको, कारण खुनी कोण हे मी पहिल्याच प्रकरणात सांगून टाकलंय.

घटना थोडक्यात काय?

पाकुड आज झारखंडात आहे. तेव्हा तो बिहार-ओरिसा प्रांताचा भाग होता. तिथलं पांडे घराणं मोठं जमीनदार, शेतीखेरीज कोळसा आणि दगडाच्या खाणी. मोठ्या जमीनदारांचा मृत्यू १९२९ साली झाला. मागे दोन मुलगे राहिले, सावत्र भाऊ: थोरला बिनयेंद्र, धाकटा अमरेंद्र. वाटणीवरून दोघांत बिनसलं. २६ नोव्हेंबर १९३३ रोजी हावडा स्टेशनच्या गर्दीत अंगावर खादी पांघरलेला एक बुटका माणूस अमरेंद्रला घासून गेला. दंडाला काहीतरी टोचलं. आठ दिवसांनी, ४ डिसेंबरच्या सकाळी, जेमतेम विशीतला हा तरुण मेला. त्याच्या रक्तात प्लेगचे जंतू निघाले.

प्लेगचे जंतू टोचून खून? हे खरंच घडलंय की कादंबरी आहे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याला मी दोष देत नाही. खरंच घडलंय. अलीपूरच्या न्यायालयात खटला चालला, तिथून कलकत्ता हायकोर्टात अपील गेलं. अपील ऐकणाऱ्या न्यायाधीशांनाही गुन्ह्यांच्या इतिहासात याला जोड सापडणार नाही असंच वाटलं होतं, आणि तसं ते बोललेही.

स्टेशनवरचा प्रसंग नीट समजून घेण्यासारखा आहे. अमरेंद्र नातेवाइकांसोबत पाकुडला निघाला होता. निरोप द्यायला बिनयेंद्रही हजर होता, आणि त्याला पाहून बाकीच्यांना आश्चर्य वाटलं होतं, कारण दोघांत सलोखा उरला नव्हता. सुई टोचल्यावर अमरेंद्रने बाही वर करून दाखवली. काही जण म्हणाले, गाडी सोडू या, कलकत्त्यातच रक्त तपासून घेऊ. थोरल्या भावाने ते हसण्यावारी नेलं आणि सगळ्यांना गाडीत बसवलं. पुढे कोर्टात उभ्या राहिलेल्या पुराव्यांत मला सर्वांत बोचतो तो हा भाग. तिथे ना शस्त्र आहे, ना रक्त. एक वडीलधारा माणूस काळजी करणाऱ्यांना गप्प करतोय, एवढंच. आपल्याकडच्या कुठल्याही मोठ्या घरात हे दृश्य बसतं, म्हणून ते अंगावर येतं.

तीन दिवसांनी अमरेंद्रला परत कलकत्त्याला आणलं. डॉक्टरांना दंडावर इंजेक्शनच्या सुईसारखी खूण दिसली. ताप चढत गेला, काखेत सूज आली, छातीत दुखणं उतरलं. ३ तारखेच्या रात्री तो बेशुद्ध झाला.

जंतू मिळाले कुठून?

मुंबईतून. मराठी वाचकाला या खटल्यात सगळ्यात जवळचा वाटावा असा हाच भाग, म्हणून पुस्तकात त्याला दोन प्रकरणं दिलीत.

त्या काळी जिवंत प्लेगजंतूंचा साठा देशात ठेवला जाई तो परळच्या हाफकिन संस्थेत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. पुढच्याच वर्षी जानेवारीत, ज्याच्या नावाची ही संस्था त्या हाफकिन नावाच्या जंतुशास्त्रज्ञाने, आपली लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये पुण्यात चाफेकर बंधूंनी रँडला गोळ्या घातल्या. प्लेग हा शब्द आपल्या आजे-पणज्यांच्या तोंडी कसा येत असे ते वेगळं सांगायला नको. १८९६ ते १९१८ या काळात हिंदुस्थानात प्लेगने एक कोटी वीस लाखांहून अधिक माणसं मेली. १९३३ पर्यंत साथ ओसरली होती. कलकत्त्यात तर त्याआधीची तीन वर्षं प्लेगचा एकही रुग्ण नव्हता. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बिनयेंद्रच्या साथीला तारानाथ भट्टाचार्य नावाचा डॉक्टर होता. जंतुशास्त्राची त्याला माहिती होती. मे १९३२ मध्ये त्याने हाफकिनकडे जंतू मागितले. संचालकांनी कळवलं, बंगालच्या सर्जन जनरलची परवानगी आणा. परवानगी आणायची कशी? मग तारानाथने कलकत्त्यातल्या एका डॉक्टरला गाठून सांगितलं की आपण प्लेगवर औषध शोधलंय, ते तपासायला जंतू हवेत. त्या डॉक्टरने प्रयोगशाळेत काम करू दिलं, पण हाफकिनहून आलेल्या जंतूंना हात लावू दिला नाही. तिथे काही जमलं नाही.

वर्षभराने, १९३३ च्या उन्हाळ्यात, पुन्हा तीच थाप, पण या वेळी हाफकिनच्या नावे शिफारसपत्र घेऊन. बिनयेंद्र स्वतः मुंबईला आला. हाफकिनशी संबंधित दोन पशुवैद्यांना लाच देऊन जंतू बाहेर काढण्याचा प्रयत्न झाला. आपण खरे संशोधक आहोत असं दिसावं म्हणून बाजारातून उंदीर विकत घेतले. मग बिनयेंद्र आणि तारानाथ या दोघांनी आर्थर रोडच्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात वशिला लावला; प्लेगजंतू तिथेही होते. आज सात रस्त्याजवळ कस्तुरबा रुग्णालय आहे ना, तेच हे. तिथल्या प्रयोगशाळेत तारानाथला शिरकाव मिळाला. जेमतेम पाच दिवस. १२ जुलैच्या संध्याकाळी 'संशोधन' अर्धवट टाकून दोघे कलकत्त्याला परतले.

एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. या साखळीत फसलेल्यांपैकी कुणीही मूर्ख नव्हतं. हाफकिनने नियम दाखवला, कलकत्त्याच्या डॉक्टरने जंतूंवर हात ठेवू दिला नाही. प्रत्येकाने थोडी काळजी घेतली आणि थोडी भीड ठेवली. भिडेच्या फटीतून जंतू बाहेर गेले.

हे सगळं एवढं अवघड करायची गरज काय होती? बंदूक नव्हती का घरात?

जमीनदाराच्या घरी बंदुका नसतील कशा! या खटल्याचं मर्म याच प्रश्नात आहे.

बिनयेंद्रला भाऊ मेलेला हवा होता, पण मारलेला दिसायला नको होता. खून करणाऱ्याला मेलेल्याचा वारसा मिळत नाही. आज हे हिंदू वारसा कायद्याच्या, म्हणजे १९५६ च्या कायद्याच्या, २५ व्या कलमात लिहिलेलं आहे. पण त्याच्याही कितीतरी आधी, १९२४ साली, मुंबई इलाख्यातूनच गेलेल्या एका अपिलात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, हेच ठरवून टाकलं होतं: खुनी माणूस वारसांच्या रांगेत नव्हताच असं धरायचं, आणि त्याच्यामार्फतही वारसा पुढे सरकू द्यायचा नाही. म्हणजे पाकुडच्या खुनाच्या नऊ वर्षं आधीपासून नियम हा असा होता.

आता त्या जागी उभं राहून बघा. गोळी घातली तर सगळ्यात आधी बोट कुणाकडे जाईल? भावाकडे. आणि खून सिद्ध झाला की एक वीटही पदरात पडणार नाही. त्यामुळे आजार दिसेल असंच मरण हवं होतं. डॉक्टरने दाखल्यावर न्यूमोनिया लिहिलं पाहिजे, आणि लगेच दहन झालं पाहिजे. दाखल्यावर न्यूमोनियाच लिहिला गेला, दहनही झालं. योजना जवळजवळ पार पडली होती.

म्हणून मी या पुस्तकाला वाटणीचं पुस्तक म्हणतो. खून त्यात येतो तो वाटणीतली एक पायरी म्हणून.

पहिला प्रयत्न चष्म्याचा होता म्हणतात. ती दंतकथा की खरी?

खरी. १९३२ साली बिनयेंद्रने चिमट्याचा चष्मा भावाच्या नाकावर दाबून बसवला, कातडं खरचटलं. काही दिवसांत अमरेंद्रला धनुर्वात झाला. डॉक्टरांनी वेळेत धनुर्वातविरोधी सीरम दिलं म्हणून तो वाचला. त्या आजारपणात बिनयेंद्र एकामागून एक तीन डॉक्टर घेऊन आला आणि चालू उपचार बदलायला लावू लागला. घरच्यांनी तिघांनाही परत पाठवलं.

घरच्यांना संशय तेव्हाच आला असावा, तरी वर्षभराने स्टेशनवर ते पुन्हा त्याचं ऐकून गाडीत बसले. वाचक इथे चिडतात. मीही लिहिताना चिडलो होतो. पण थोरल्याला तोंडावर खुनी म्हणायला लागतं ते धैर्य एकत्र कुटुंबात कुणाकडे असतं? मला तरी त्यांना नावं ठेवता आली नाहीत.

मग पकडले कसे गेले?

एका डॉक्टरने मरण्याआधी रक्त काढून ठेवलं होतं. त्याचा अहवाल मृत्यूनंतर आला. अहवाल आला नसता तर हे प्रकरण न्यूमोनिया म्हणूनच मिटलं असतं. त्यानंतर नातेवाइकांनी पोलिसांकडे धाव घेतली आणि फेब्रुवारी १९३४ मध्ये दोघांना अटक झाली.

पुढचं सगळं काम कागदांनी केलं. प्रवासाचे कागद, मुंबईतल्या हॉटेलची बिलं, हॉटेलच्या नोंदवहीतलं बिनयेंद्रचं अक्षर, प्रयोगशाळेला केलेला पत्रव्यवहार, उंदीर घेतल्याची दुकानाची पावती. उंदरांची पावती! ज्याने ती फाडून दिली त्या दुकानदाराला माझा मनापासून नमस्कार.

गोव्यातल्या वाचकाला हे चटकन कळतं असा माझा अनुभव आहे. आपल्याकडे घराघरात पेटी असते. त्यात जुने पोर्तुगीज दस्त, भाटाच्या (बागायतीच्या) हद्दी, मुंडकाराच्या (मालकाच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या) पावत्या, कोमुनिदादच्या (गावकरांच्या संस्थेच्या) झोणाचे, म्हणजे वाट्याच्या पैशाचे, कागद. वाळवी लागली तरी कुणी टाकत नाही, कारण उद्या इन्व्हेंटरीत, म्हणजे वारशाच्या कोर्टातल्या वाटणीत, कोणता चिटोरा उपयोगी पडेल याचा नेम नसतो. बिनयेंद्रला हवं होतं तेही कागदावर होतं, आणि तो अडकला तोही कागदात. फरक इतकाच की दुसऱ्या प्रकारचे कागद त्याने महत्त्वाचे मानले नाहीत.

बचाव पक्षाचं म्हणणं काय होतं?

उंदरावरची पिसू चावली, प्लेग झाला, यात कट कसला? वरवर पटण्यासारखं. पण वर म्हटलं ते आठवा: कलकत्त्यात तीन वर्षं प्लेग नव्हता. आणि पिसू नेमकी अशाच माणसाला चावली की ज्याच्या भावाने चार महिन्यांपूर्वी मुंबईत प्लेगजंतूंसाठी धडपड केली होती, हे न्यायालयाला मान्य होईना. जंतू आर्थर रोडहून चोरले गेले आणि खुनाच्या दिवसापर्यंत कलकत्त्यात जिवंत ठेवता येण्यासारखे होते, असा निष्कर्ष निघाला.

सुई टोचणारा तो माणूस कोण होता?

तो कधीच सापडला नाही.

हे उत्तर ऐकून चेहरे पडतात. शेवटी गाठ सुटावी अशी वाचकाची अपेक्षा असते. मला तर तो न सापडणंच या गोष्टीचं खरेपण वाटतं. कादंबरीकाराने त्याला नक्कीच पकडला असता, वर त्याला एक आजारी आईही दिली असती. मी त्याच्याबद्दल एकही तर्क पुस्तकात घातलेला नाही, आणि कुणी भाषणात विचारलं तरी करत नाही.

शिक्षा काय झाली?

खालच्या कोर्टात खटला नऊ महिने चालला. बिनयेंद्र आणि तारानाथ दोघांना फाशी. जानेवारी १९३६ मध्ये हायकोर्टाने दोषी ठरवणं कायम ठेवलं, पण फाशीऐवजी जन्मठेप काळ्या पाण्याची दिली. कटात सामील असल्याच्या आरोपावरून आणखी दोन डॉक्टर पिंजऱ्यात होते, पुराव्याअभावी ते सुटले. जे सुटले ते निर्दोष धरले जातात, त्यामुळे त्यांची नावं मी पुस्तकात घेतलेली नाहीत. काहींना हा पळपुटेपणा वाटतो. वाटो.

गोव्यात बसून बंगालची गोष्ट का? इथल्या एखाद्या श्रीमंत घराण्यावर लिहायचं की!

हा प्रश्न विचारणारे बहुधा आवाज खाली आणून विचारतात आणि लगेच एखादं नाव सुचवतात. एका गृहस्थांनी तर नाव, गाव, साल आणि विहीर असा सगळा तपशील दिला. मी चहा मागवला आणि पावसाचा विषय काढला.

गोवा केवढा! इथे कुणाचंही कुणाशी नातं निघतं. ज्या घराबद्दल गजाली चालतात त्या घरातली सून तुमच्या मुलीची शिक्षिका असते. गजालीवर पुस्तक लिहिणं म्हणजे न चाललेल्या खटल्याचा निकाल देणं. शिवाय मेलेल्यांची मुलंबाळं हयात असताना त्यांच्या घरातलं सर्वांत वाईट दुपार-संध्याकाळचं वर्णन छापायचं, हे मला जमत नाही. पाकुडचा निकाल लागलाय, अपील झालंय, आणि त्यालाही नव्वद वर्षं होऊन गेलीत. एवढं अंतर मला लिहायला लागतं.

दुसरं कारण साधं आहे. खाणीचा पैसा, मोठं घर, दोन भाऊ, मध्ये एक धनवान विधवा नातेवाईक आणि तिच्या मर्जीचा प्रश्न: डिचोली-सांग्याच्या वाचकाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. नावं बंगाली-बिहारी असली तरी ओटीवरचं बोलणं ओळखीचं आहे.

जमीनदार म्हणजे आपले भाटकारच ना?

नाही, आणि ही गल्लत होऊ नये म्हणून पुस्तकात चार पानं खर्च केलीत. बंगाल-बिहारचा जमीनदार १७९३ च्या कायमधाऱ्यातून आलेला: सरकारला ठरलेला सारा भरायचा आणि रयतेकडून वसूल करायचा. गावंच्या गावं, कधी अख्खे परगणे. गोव्याचा भाटकार माड-पोफळींच्या बागायतीचा आणि शेतजमिनीचा मालक, त्याच्या जमिनीत मुंडकाराचं घर. शिवाय आपल्याकडे गावची बरीच जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावकरांच्या संस्थेची. सत्तेचा आकार वेगळा, पैशाचाही. फक्त नोकरमाणसाने मालकाच्या घरात काय पाहिलं ते न बोलण्याची रीत दोन्हीकडे सारखी. पाकुडच्या खटल्यात नोकर-चाकरांच्या जबान्या वाचताना हे सतत जाणवत राहिलं.

गोव्याच्या कायद्याखाली असं घडलं असतं का?

वकील मंडळी हमखास हा प्रश्न टाकतात, बाकीच्यांनाही त्यात रस असतो, म्हणून जरा सविस्तर.

गोव्यात हिंदूंनाही हिंदू वारसा कायदा लागत नाही. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता इथे १८७० मध्ये आली, आणि मुक्तीनंतरही १९६२ च्या कायद्याने चालू राहिली. वारशाचा भाग आता गोव्याच्याच २०१२ च्या कायद्यात आहे, तो २०१६ च्या डिसेंबरात अंमलात आला. धर्म कोणताही असो, नियम एकच.

त्यातल्या दोन गोष्टी इथे महत्त्वाच्या. पहिली लेजितिमा. आईबाप आपल्या मालमत्तेचा निम्माच भाग मृत्युपत्राने हवा त्याला देऊ शकतात. उरलेला निम्मा सक्तीच्या वारसांचा, मुलगा असो वा मुलगी. त्यामुळे एकाच्या नावावर सगळं लिहून घ्यायचं आणि बाकीच्यांना कोरडं ठेवायचं, हा खेळ इथे सरळ मार्गाने खेळता येत नाही. दुसरी, लग्न झालं की वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एक होते आणि दोघांचा निम्मा-निम्मा हक्क उभा राहतो. एकाच्या सहीने जमीन विकली जात नाही, दुसऱ्याची सही लागते.

मग गोव्यात भाऊबंदकी नाही? आहे की, रग्गड आहे. फक्त ती विषापेक्षा लांबणीवर जगते. इन्व्हेंटरी उघडायची, एक भाऊ पोर्तुगालला, एक बहीण मुंबईला, नोटिशी परत येतात, यादीतलं एक शेत सुटतं, पुन्हा पहिल्यापासून. छप्पर पडतं, माडांवर नारळ काढणारा पाडेली चढत नाही, घराला कुलूप. मालमत्ता कुणालाच मिळत नाही आणि सगळे जिवंत राहतात. कायद्याने माणसाचा लोभ कमी होत नाही, पण कुठल्या दिशेने धावायचं हे मात्र कायदा ठरवतो, असं माझं मत बनलंय. तुमच्या स्वतःच्या घरच्या वाटणीबद्दल मात्र मला पत्र लिहू नका, पर्वरीला वकिलांची कमी नाही.

श्रीमंत घरातल्या इतर खुनांशी तुलना केली आहे का?

थोडीच. इंग्लंडमध्ये ऑगस्ट १९८५ मध्ये एसेक्समधल्या एका फार्महाउसवर पाच माणसं मारली गेली. मुलगी मानसिक आजारी होती, तिनेच सगळ्यांना मारून स्वतःला संपवलं, असं पोलिसांना सुरुवातीला वाटलं. पुढच्या वर्षी दत्तक मुलगा जेरेमी बांबर दोषी ठरला. वारसा मिळवायचा तर मरण दुसऱ्याच कुणाच्या खात्यावर पडलं पाहिजे, हा हिशेब तिथेही आहे. बांबर आजही आपण निर्दोष असल्याचं सांगतो. अमेरिकेत १९८९ साली मेनेंडेझ बंधूंनी आईबापांना गोळ्या घातल्या. तिथे पैसा की घरातला छळ, हा वाद अजून मिटलेला नाही, आणि मला वाटतं त्यातच त्या खटल्याचं वजन आहे. नेपाळच्या राजवाड्यातलं १ जून २००१ चं हत्याकांड मी मुद्दाम बाहेर ठेवलं. राजघराण्यात घर आणि राज्य वेगळं काढता येत नाही.

मराठी वाचक जोशी-अभ्यंकर विचारणारच. पुण्यात १९७६-७७ मध्ये जे झालं ते बाहेरून घरात शिरलेल्यांनी केलं. त्या भीतीवर उपाय म्हणून माणसांनी दारांना जास्तीच्या कड्या लावल्या. पाकुडमध्ये कडी लावून काय होणार होतं?

भोवालच्या संन्याशाची गोष्ट ती हीच का?

नाही, पण गोंधळ समजण्यासारखा आहे. दोन्ही त्याच काळातली, दोन्ही जमीनदार घराण्यांची. भोवालचा कुमार १९०९ मध्ये दार्जिलिंगला मेला असं मानलं गेलं, आणि बारा वर्षांनी एक संन्यासी ढाक्यात आला, तो तोच असल्याचं लोक म्हणू लागले. ढाक्याच्या न्यायाधीशांनी १९३६ मध्ये संन्याशाच्या बाजूने निकाल दिला, १९४६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो कायम केला. म्हणजे १९३६ सालच्या बंगाली वाचकाला एकाच वर्षात दोन निकाल वाचायला मिळाले: मेलेला जिवंत ठरला तो एक, आणि आजाराने गेलेला मारलेला ठरला तो दुसरा. तेव्हाच्या वृत्तपत्रांचा काय खप झाला असेल!

पुस्तकातले संवाद खरे आहेत का?

अवतरणात काहीच नाही. कोण काय म्हणालं हे मी जबानीच्या आधाराने आणि अप्रत्यक्ष लिहिलंय. सत्यकथेच्या नावाखाली मेलेल्याच्या तोंडी वाक्यं घालणं मला आवडत नाही. पुस्तक त्यामुळे कोरडं झालंय अशी तक्रार आहे, विशेषतः जुन्या रहस्यकथा मासिकांवर वाढलेल्या पिढीची. ती मला मान्य आहे, पण बदल होणार नाही.

बिनयेंद्रची बाजू कुठेच नाही, असं का?

त्याने आरोप नाकारले, ते पुस्तकात आहे. त्याच्या उधळ्या राहणीच्या, दारूच्या, बायकांच्या कहाण्या मात्र मी जवळजवळ गाळल्यात. त्या वाचायला मजा येते आणि त्या सिद्ध काहीच करत नाहीत. उधळा माणूस खुनी असतो असं मानलं तर आपल्या गावची अर्धी पंचायत आत जाईल.

मला जास्त विचार करायला लावतो तो तारानाथ. बिनयेंद्रला इस्टेट मिळणार होती. याला काय मिळणार होतं? शिकलेला माणूस, हातात विद्या, आणि ती विद्या त्याने श्रीमंत मित्राच्या कामी लावली. त्याच्यावरचं प्रकरण मी सगळ्यात जास्त वेळा लिहिलं आणि अजूनही त्यावर समाधान नाही.

आज असा खून शक्य आहे का?

प्लेगने तरी कठीण. तेव्हा प्रतिजैविकं नव्हती. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ चा. आज वेळेत निदान झालं तर प्लेग बरा होतो. १९९४ च्या सुरतच्या साथीत लोक शहर सोडून पळाले, पण औषध हातात होतं. जंतूंच्या साठ्यांवरचे निर्बंधही आता शिफारसपत्राने सैल होत नाहीत. यापलीकडे तांत्रिक तपशील विचारणाऱ्यांना मी उत्तर देत नाही. पुस्तकातही जंतू जिवंत कसे ठेवले याचं वर्णन नाही.

शाळकरी मुलांनी वाचावं का?

नववी-दहावीच्या पुढे हरकत नाही. रक्तबंबाळ काही नाही. आजारपणाचं प्रकरण जड आहे.

वाचनमंडळात चर्चेला घ्यायचं आहे. सुरुवात कुठून करू?

हावडा स्टेशनपासून करू नका, सगळे त्यातच अडकतात. मुंबईच्या प्रकरणांपासून करा आणि प्रत्येकाला विचारा की हाफकिनचा संचालक, कलकत्त्याचा डॉक्टर, आर्थर रोडचे अधिकारी यांच्या जागी तुम्ही काय केलं असतं. मडगावला अशी एक बैठक झाली, तिथे एका निवृत्त परिचारिकेने सांगितलं की मोठ्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आलेल्याला नाही म्हणणं तिच्या नोकरीच्या काळातही सोपं नव्हतं. त्यावर चर्चा रात्री जेवणं थंड होईपर्यंत चालली. वकील असतील तर १९२४ चा निकाल त्यांच्याकडून समजून घ्या. आणि कुणी इथल्या घराण्याचं नाव काढायला लागलं तर चहा मागवा.